खड्डा आपला, पाइप कोणाचा?

नागपूर मेट्रोनं सीताबर्डीहून प्रजापती नगरकडे जाताना चितार ओळीनंतर जे स्थानक येतं, त्याचं नाव टेलिफोन एक्सचेंज. डिसेंबर 2022 मध्ये हा टप्पा सुरू झाला आणि सेंट्रल अॅव्हेन्यूवरच्या त्या जुन्या चौकाचं नाव मेट्रोच्या नकाशावर गेलं. माझे मामा टेलिफोन खात्यात केबल जोडायच्या कामावर होते. सोबत असले की ते खिडकीतून खाली बघत राहतात. केबल रस्त्याच्या कोणत्या अंगानं गेली, कोणत्या वळणावर जॉइंट आहे, तारा वाटणारा टेलिफोनचा कुठला पिलर रस्तारुंदीकरणात गेला, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. इतवारीतल्या धान्याच्या आणि किराण्याच्या ठोक बाजाराचे भाव एकेकाळी फोनवर ठरायचे आणि तो फोन चालू ठेवण्यासाठी कोणीतरी चिखलात बसलेलं असायचं.

ते काम मी लहानपणी पाहिलं आहे. एक्सचेंजमधून निघालेली जाड केबल रस्त्याखालून चौकातल्या लोखंडी पिलरपर्यंत यायची. पिलरमधून गल्लीतल्या डीपीपर्यंत, म्हणजे तारा वाटणाऱ्या छोट्या पेटीपर्यंत, आणि डीपीतून दोन तारा घरात. प्रत्येक फोनला तांब्याची स्वतःची जोडी. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की मोहल्लाच्या मोहल्ला डेड. मग रस्त्याच्या कडेला खड्डा, वर ताडपत्री आणि आत दोन माणसं निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी अशी एकेक तार तिच्या जोडीदाराशी जुळवत बसलेली. एक जोडी चुकली तर एकाचा फोन दुसऱ्याच्या घरी वाजणार. रात्री उशिरा मामा घरी आले की हाताला केबलमधली ती चिकट जेली लागलेली असायची. साबणानं जायची नाही, मामी रॉकेलचा बोळा द्यायची.

एवढं सांगितलं म्हणून मी जुन्या सरकारी टेलिफोनचे गोडवे गाणार असं कोणी समजू नये. 1885 च्या भारतीय तार कायद्यानं तार आणि पुढे टेलिफोन चालवण्याचा एकाधिकार सरकारकडे ठेवला होता. तो इंग्रजांनी स्वतःच्या राज्यासाठी केला होता आणि स्वातंत्र्यानंतर आपण तो तसाच पुढे चालवला. त्या व्यवस्थेत नागरिक हा अर्जदार होता. 1991 मध्ये साडेचौऱ्यांशी कोटींच्या देशात फोन होते सुमारे 50 लाख. नंबर लागायला वर्षं जायची. खासदारांना जोडण्यांच्या शिफारशींचा कोटा असे आणि लोक त्यासाठी बंगल्यांवर रांगा लावत. फोन ही चैनीची वस्तू आहे अशी समजूत सरकारदरबारी फार काळ टिकली. त्याची किंमत छोट्या दुकानदारांनी, परगावी शिकणाऱ्या मुलांनी आणि दूर नांदणाऱ्या लेकींनी मोजली. रात्री उशिरा एसटीडीचा दर पाव व्हायचा, तेव्हा पिवळ्या पाटीच्या बूथबाहेर स्वेटर घालून उभे असलेले लोक मला आठवतात. मालकी सगळ्यांची होती, पण उपयोग थोड्यांना होता.

सरकारी खात्याआधी मोठ्या शहरांतला टेलिफोन सरकारच्या परवान्यावर खासगी कंपन्याच चालवत, हे फारसं कोणी सांगत नाही. 1882 मध्ये कोलकाता, मुंबई आणि मद्रासला जी पहिली एक्सचेंजेस उघडली ती खासगी कंपनीची होती. दुसरं महायुद्ध चालू असताना 1943 मध्ये सरकारनं तिथल्या टेलिफोन कंपन्या ताब्यात घेतल्या. पुढे 1994 च्या धोरणानं दार पुन्हा खासगी कंपन्यांना उघडलं. म्हणजे मालकीचा हा प्रश्न या देशात दोन्ही दिशांनी सोडवून झाला आहे. 31 जुलै 1995 ला पहिला मोबाइल कॉल झाला तेव्हा मिनिटाला 16 रुपये लागत आणि येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत. आज भाजीवाल्या मावशीच्या हातात फोन आहे. तो स्पर्धेमुळे आला, सरकारी खात्याच्या कृपेनं आला नाही. हे मी मनापासून मान्य करते.

तरीही गेली काही वर्षं मला वाटत आलं आहे की आपण भांडतो ते चुकीच्या मजल्यावर. सरकारी कंपनी बरी की खासगी, सिम कोणाचं घ्यावं, रेंज कोणाची चांगली, यावर नागपुरातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर तासभर वाद रंगतो. जमिनीखाली काय चाललं आहे ते मात्र कोणी विचारत नाही.

रेशीमबागेजवळच्या आमच्या गल्लीत सिमेंट रस्ता झाला. सगळ्यांना आनंद झाला. पुढच्या हिवाळ्यात एका कंपनीच्या कंत्राटदाराची माणसं बोअरिंग मशीन घेऊन आली, फायबर टाकायला. कडेचे गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, उखडले, पाण्याची लाइन फुटली, गल्लीभर चिखल झाला. गट्टू परत बसले ते वेडेवाकडे. त्यानंतर दुसरी कंपनी आली. तिनं खणणं टाळलं आणि विजेच्या खांबांवरून काळ्या वायरी ओढल्या, झाडाच्या फांद्यांना गुंडाळून गच्चीवरून गच्चीवर. एकाच घरासमोरून आता तीन-चार फायबर जातात आणि घर त्यातलं एकच वापरतं. मामा आमच्याकडे आले होते. फाटकाशी उभं राहून त्यांनी ते सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, “आमच्या टायमाले एका खड्ड्यात एकच खातं उतरे बाई. आता रोज नवी कंपनी येते. तार कोणाचीही राहो, खड्डा तं आपलाच असते.”

माझं सगळं म्हणणं मामांच्या या वाक्यात आहे. खणलेला रस्ता आपल्या कराच्या पैशाचा. फुटपाथ आपला. ज्या लहरींवरून मोबाइल चालतो त्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 च्या प्रक्षेपणाबाबतच्या निकालात स्पष्ट सांगितलं. स्पेक्ट्रम, म्हणजे या लहरींचे पट्टे, ही राष्ट्राची नैसर्गिक संपत्ती असल्याचं सांगून 2012 मध्ये त्याच न्यायालयानं 122 परवाने रद्द केले. हवेतल्या वाटेची मालकी आपण इतक्या ठामपणे सांगतो, आणि जमिनीतली वाट मात्र जो आधी परवानगी काढेल त्याला देऊन टाकतो. तो आपल्या खर्चानं पाइप टाकतो, त्यामुळे पाइप त्याचा. दुसऱ्याला त्यातून जायचं तर त्याच्या मर्जीनं, नाहीतर पुन्हा खणा.

नागपूरकरांना सरकारी-खासगी हा प्रश्न नवा नाही. या शहरानं 2011 मध्ये गांधीबाग, महाल आणि सिव्हिल लाइन्स विभागांचं वीजवाटप खासगी फ्रँचायझीकडे जाताना पाहिलं आणि 2019 मध्ये ते महावितरणकडे परत येतानाही पाहिलं. पाणीपुरवठा 2012 पासून 25 वर्षांच्या करारानं खासगी कंपनी चालवते. दोन्हींवर घराघरांत मतं आहेत आणि ती एकसारखी नाहीत. मला त्यातून एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. विजेच्या फ्रँचायझीनं काम सोडलं तेव्हा खांब, रोहित्रं, तारा जागेवर होत्या, कारण त्या महावितरणच्याच होत्या. चालवणारा बदलला, दिवे लागलेले राहिले. पाण्याचंही तसंच आहे, करार संपेल तेव्हा जमिनीतली जलवाहिनी महापालिकेचीच असेल. टेलिफोनच्या फायबरबाबत अशी कुठलीच हमी शहराकडे नाही. कंपनी बुडाली, विकली गेली किंवा तिनं आपली गल्ली परवडत नाही असं ठरवलं, तर रस्त्याखाली तिचा पाइप मुका पडून राहील आणि त्यावर आपला काडीचा हक्क नसेल.

गल्ली परवडत नाही हे शब्द मी उगाच लिहिलेले नाहीत. माझी मावसबहीण गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यात शिक्षिका आहे. सुट्टीत नागपूरला आली की आधी सगळ्या ॲपचे राहिलेले अपडेट करून घेते. तिच्या गावाजवळचा मनोरा सरकारी कंपनीचा आहे. नक्षलग्रस्त भागांसाठी 2014 मध्ये मंजूर झालेल्या योजनेत दहा राज्यांत बीएसएनएलनं असे दोन हजारांहून जास्त मनोरे उभे केले, बहुतेक सौरऊर्जेवर आणि पुष्कळसे उपग्रहाच्या बारीक जोडणीवर. सुरुवातीला तिथे नुसता टूजी होता. त्यावर बोलणं व्हायचं, फोटो जायचा नाही. 2022 मध्ये ते फोरजी करायचा निर्णय झाला. पर्लकोटेला पूर आला की भामरागड दरवर्षी जगापासून तुटतं. अशा ठिकाणी केबल तुटली तर जोडायला जाणारा माणूस नावेनं जातो.

तिथे खासगी कंपनी का गेली नाही, याचं मला नवल वाटत नाही आणि रागही येत नाही. विरळ वस्ती, जंगल, मनोरा जाळला जाण्याची भीती आणि महिन्याला मोजकी रिचार्ज. हिशेब बसत नाही. नव्वदच्या दशकात खासगी लँडलाइन कंपन्यांना परवाने देताना गावोगावी सार्वजनिक फोन लावायची अट घातली होती. त्यांनी ती फारशी पाळली नाही, दंड भरणं त्यांना स्वस्त पडलं. म्हणून 2002 पासून सार्वत्रिक सेवा निधी आला. कंपन्यांच्या समायोजित, म्हणजे ठरलेल्या वजावटींनंतर उरणाऱ्या, महसुलाचा 5 टक्के हिस्सा त्यात जातो, म्हणजे आपल्या प्रत्येक रिचार्जमधला एक कण गडचिरोलीसाठी, मेळघाटासाठी आहे. आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी. बरीच वर्षं त्यातला मोठा पैसा खर्चाविना पडून राहिला, ही गोष्ट मात्र राग येण्यासारखी आहे.

कारण दरम्यान सरकारनं स्वतःच नेटवर्क सक्तीचं केलं. रेशन दुकानात अंगठा लावायचा तर नेटवर्क. अंगणवाडी सेविकेनं 2021 पासून मुलांची वजनं भरायची ती पोषण ट्रॅकर ॲपवर. लाडकी बहीणची ई-केवायसी करायची तर ओटीपी यायला हवा. ओटीपी यायला दहा मिनिटं लागली की तो बाद. माझी बहीण म्हणते, “ताई, रेंजसाठी टेकडीवर उभ्या असलेल्या बाया कोणाच्या ग्राहक आहेत, सांग बरं?” मला उत्तर देता आलं नाही, कारण त्या जवळजवळ कोणाच्याच ग्राहक नाहीत. त्या नागरिक आहेत. हक्काचं धान्य आणि हक्काचे पैसे ज्या वाटेनं येतात ती वाट नफ्याच्या हिशेबावर सोडता येत नाही. रास्त भावाच्या दुकानापर्यंतचा रस्ता सरकार बांधतं, टोल परवडेल का ते विचारत नाही.

आता कोणी म्हणेल, मग सरकारी कंपनीनं एवढी वर्षं काय केलं? या प्रश्नाचं उत्तर मी मामांसमोर बसून ऐकलं आहे. बीएसएनएल ऑक्टोबर 2000 मध्ये खात्यातून कंपनी झाली. मोबाइलमध्ये ती 2002 च्या अखेरीस उतरू शकली, खासगी कंपन्यांनंतर सात वर्षांनी. देशात फोरजी 2012 मध्ये आलं. बीएसएनएलला त्याचा स्पेक्ट्रम द्यायचा निर्णय 2019 मध्ये झाला, नंतर उपकरणांची निविदा रद्द झाली, स्वदेशी तंत्रज्ञान उभं राहीपर्यंत थांबायचं ठरलं आणि देशभर फोरजीचं उद्घाटन झालं सप्टेंबर 2025 मध्ये. मालकच धावणाऱ्याचे पाय धरून बसला होता. 31 जानेवारी 2020 ला स्वेच्छानिवृत्ती घेऊन एका दिवशी सुमारे 78,000 कर्मचारी बीएसएनएलबाहेर पडले. मामा त्यातलेच. मला त्या आकड्यात पैशापेक्षा दुसरंच काही गेलेलं दिसतं. कोणत्या चौकात जॉइंट आहे, कुठल्या नाल्याखालून पाइप वाकडा गेला आहे, हे ज्ञान कागदावर नव्हतं. ते त्या दिवशी घरी गेलं.

स्वदेशी तंत्रज्ञानाची वाट पाहणं चूक होतं असं मी म्हणत नाही. सी-डॉट या सरकारच्या दूरसंचार संशोधन संस्थेनं ऐंशीच्या दशकात उन्हातान्हात, वातानुकूलनाशिवाय चालणारं ग्रामीण एक्सचेंज बनवलं. ते बाहेरून आणून मिळालं नसतं. पण वाट पाहायची होती तर तोवर त्या कंपनीला तग धरता येईल एवढं तरी करायला हवं होतं. नंतर 2019, 2022 आणि 2023 अशा तीन वेळा हजारो, लाखो कोटींची पॅकेजेस द्यावी लागली. त्यातला काही भाग वेळेवर दिलेल्या एका निर्णयानं वाचला असता.

आणि आता मालकीच इतकी गुंतली आहे की सरकारी-खासगी ही रेघ सरळ ओढताच येत नाही. बीएसएनएलचे मनोरे खासगी कंपन्या भाड्यानं वापरतात. बीएसएनएलचं फायबर घरापर्यंत पुष्कळदा गल्लीतला केबलवाला आणून देतो. रेल्वेच्या रुळांशेजारून जाणारं रेलटेलचं आणि वीजवाहिन्यांच्या मनोऱ्यांवरून जाणारं पॉवरग्रिडचं फायबर सार्वजनिक आहे, त्यावरून वाहणारा बराच माल खासगी. मोठ्या खासगी कंपन्यांपैकी एकीत थकीत देण्यांच्या बदल्यात केंद्र सरकारच 2025 मध्ये 49 टक्क्यांच्या आसपास भागधारक झालं. उलट 2021 च्या राष्ट्रीय मुद्रीकरण योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट नेणाऱ्या सरकारी भारतनेटचं 2.86 लाख किलोमीटर फायबर आणि सरकारी कंपन्यांचे 14,917 मनोरे भाड्यानं, करारानं देण्याच्या यादीत टाकले गेले. एका हातानं घ्यायचं, दुसऱ्या हातानं द्यायचं. नेमकं काय आपल्याकडे ठेवायचं आणि काय द्यायचं, याचा विचार यात मला दिसत नाही.

माझ्या मते ठेवायचं ते हे: खड्डा, पाइप आणि चेंबर. शहरात महापालिकेचं, गावाकडे पंचायतीचं किंवा राज्याचं. त्यातून फायबर कोणीही ओढावं, बीएसएनएलनं, मोठ्या कंपन्यांनी, गल्लीतल्या केबलवाल्यानं. भाडं सगळ्यांना सारखं. आज ही कल्पना स्वप्नाळू राहिलेली नाही. स्टॉकहोम शहरानं 1994 मध्ये स्टोकाब ही महापालिकेची कंपनी काढली. ती घराघरात इंटरनेट विकत नाही, शहरभर फायबर टाकते आणि मागेल त्या कंपनीला सारख्या अटींवर भाड्यानं देते. आपल्याकडे 2023 च्या दूरसंचार कायद्यात सामाईक डक्ट (केबलचे पाइप) आणि केबल कॉरिडॉर उभारून ते सगळ्यांना खुले ठेवण्याची तरतूद आहे. केरळनं जून 2023 मध्ये सरकारी मालकीचं के-फोन हे फायबर इंटरनेटचं जाळं सुरू केलं. नागपूरनं तर याआधीच सुरुवात केली आहे. 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या नावानं कॅमेरे आणि वायफाय लावायचं काम जाहीर झालं, तेव्हा त्यात 1,200 किलोमीटर ऑप्टिकल फायबर धरलं होतं. चौकातला कॅमेरा चालवायला शहर स्वतःचं फायबर टाकू शकतं, तर मनपाच्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी आणि वस्तीसाठीही टाकू शकतं.

याला सर्वात वजनदार आक्षेप आमच्याच शेजाऱ्यांनी घेतला. “जे लोक गट्टू सरळ बसवून घेऊ शकत नाहीत, ते पाइप सांभाळतील?” भीती खरी आहे. पाइप सार्वजनिक झाला की परवानगीसाठी टेबलाखालून पैसे मागणारा माणूसही सार्वजनिक होतो. शिवाय ज्याच्या हातात पाइप आहे त्याच्या हातात बंद करण्याची किल्लीही असते, आणि या देशात इंटरनेट बंद करण्याचे आदेश निघतात. म्हणून मला पाइप सरकारचा हवा, पण भाड्याचे दर फलकावर आणि पाइपचा नकाशा सर्वांना बघता येईल असा हवा. आत काय वाहतं याच्याशी महापालिकेचा संबंध नको. मार्च 2023 मध्ये केंद्रानं खणण्याआधी कळवण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप काढलं, पण खणणाऱ्याला आधी खाली काय आहे ते दिसायला हवं. मामांसारख्या निवृत्त लोकांना बोलावून, त्यांच्यासोबत चौकाचौकांत फिरून तो नकाशा आजही काढता येईल. आणखी दहा वर्षांनी काढता येणार नाही.

खासगी पाइपची तक्रार मी कंपनीच्या कॉल सेंटरकडे करू शकते, एवढंच. सार्वजनिक पाइपबद्दल मी माहितीचा अधिकार वापरू शकते, आमसभेत प्रश्न विचारायला लावू शकते, निवडणुकीत जाब विचारू शकते. हे मार्ग कंटाळवाणे आणि संथ आहेत. पण एटापल्लीतल्या बहिणीकडेही तेच मार्ग आहेत, आणि त्यासाठी तिला कुणाची ग्राहक असावं लागत नाही.

आमच्या बाजूच्या गल्लीत सिमेंट रस्ता व्हायचा आहे. खोदकाम सुरू व्हायच्या आत दोन्ही कडांना पाइप टाकून घ्या, असा अर्ज मी लिहिला आहे. शेजारच्या दहा-बारा घरांच्या सह्या झाल्या आहेत. मसुदा मामांना दाखवला. मी दोन पाइप लिहिले होते, त्यांनी खोडून चार केले. चेंबर वळणावर नको, वळणाच्या आधी हवं, नाहीतर केबल ओढताना मार खाते, हेही समासात लिहिलं. चार कशाला, असं मी विचारलं. “एक सरकारी कंपनीले, दोन बाकीच्याइले, अन् एक रिकामा,” मामा म्हणाले. “रिकामा नसन तं दोन वर्षांत पुन्हा खड्डा.” अर्ज आता तसाच टाइप केला आहे, चार पाइपांसह, आणि सोमवारी आवक-जावक विभागात देऊन शिक्क्याची प्रत घेणार आहे.